आमचा गट आत की बाहेर?

इंग्लंडमधल्या बेडफर्डला मी राहते. तिथून ब्लेचलीला जाणारी छोटी गाडी केम्पस्टन हार्डविक नावाच्या एवढ्याशा स्टेशनावर थांबते. उतरणारे दोन-चार, चढणारे तेवढेच. फलाटापलीकडे कुंपण आणि त्यापलीकडे उकरून सपाट केलेली माती. हे स्टेशन आलं की माझी दहा वर्षांची मुलगी खिडकीला नाक लावते. "आई, मागच्या वेळी तो ढीग नव्हता." 2031 साली आपण पंधरा वर्षांच्या असू, हा हिशेब तिने आणि तिच्या मैत्रिणींनी केव्हाच करून ठेवलाय.

इथे युनिव्हर्सल या अमेरिकन सिनेमा कंपनीचं थीम पार्क उभं राहायचंय. 476 एकर जागा, 2031मध्ये दारं उघडणार, पहिल्या वर्षी 85 लाख माणसं येतील असा अंदाज. 9 एप्रिल 2025ला ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर यांनी घोषणा केली आणि आमच्या शांत गावात लग्नघर असल्यासारखं वातावरण झालं. दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा त्यावरच बोलत होत्या.

गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा हा विषय माझ्याआधी तिथे पोचला होता. माझं माहेर मालवण तालुक्यातलं, आचऱ्याच्या अलीकडे. गणपतीवरची माटवी बांधून झाली, मंडळी ओटीवर चहाला बसली आणि चुलतभावाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या थंय पार्क व्हता तर तुमका आनंद. आमच्या हंय येवचा म्हटला की तुमका कासवां आठवतत. ह्या कसा काय गो?"

त्याचा रोख सी-वर्ल्डवर होता. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला समुद्री जीवांचं मोठं थीम पार्क करायचा सरकारी प्रस्ताव आला होता. सुरुवातीला 1390 एकर म्हणाले, विरोध झाल्यावर आकडा साडेतीनशेवर आला. पार्क काही झालं नाही. पण विषय मेला असंही नाही. निवडणूक आली की तो पुन्हा उठून बसतो. गावात दोन तट आहेत. मुलांना मुंबईला जावं लागू नये म्हणून पार्क हवं म्हणणारे आहेत आणि जमीन गेली की मुलांना मुंबईच उरेल म्हणणारेही आहेत. दोघांनाही मुलांचीच काळजी आहे, म्हणून मला यातल्या कुणालाच वेड्यात काढता येत नाही.

भावाला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. आता देते.

बेडफर्डची ती जागा म्हणजे जुनी वीटभट्टी. या भागातल्या चिकणमातीत मुळातच इतका जळाऊ अंश आहे की वीट भाजायला वरून फार थोडं इंधन लागायचं. म्हणून इथे विटांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाला माणसं पुरेनात तेव्हा इटलीहून आणली, मागाहून भारत-पाकिस्तानातूनही लोक आले. माझे शेजारी इटालियन आजोबा त्यांतलेच, वीस वर्षं भट्टीवर राबलेले. 2008मध्ये स्टुअर्टबीची शेवटची भट्टी थंडावली. माती काढून झालेले खड्डे उरले, त्यांत पाणी साचून तळी झाली. ज्या जमिनीवर पार्क येतंय तिच्या बऱ्याच भागात कुणी नांगर धरत नव्हतं आणि तिथे गाव वसलेलं नव्हतं. जमीन होती तीही मोजक्या मालकांच्या हातात, कंपनीने सरळ विकत घेतली.

तोंडवळी-वायंगणी कशी आहे हे भावाला मी सांगायला नको. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, मध्ये माड आणि त्या माडांत घरं. वर सडा, म्हणजे जांभ्याचं कातळपठार. पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात, तिच्यात किती घरांचा वाटा असतो हे बाहेरच्याला समजावून सांगायला अर्धा दिवस लागेल. थंडीत मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हो, मला कासवं आठवतात, आणि ती आठवायलाच हवीत. शिवाय सी-वर्ल्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उड्या मारणारे डॉल्फिन येतात, पण भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2013मध्येच डॉल्फिनच्या खेळांच्या तळ्यांना परवानगी द्यायची नाही असं ठरवलंय. तारकर्लीहून होडी काढली तर तेच डॉल्फिन मोकळे दिसतात, कुणी तळं न बांधता.

आता आकाराचं बोलू. बेडफर्डला पहिल्या वर्षी 85 लाख माणसं येणार म्हणतात. 2011च्या जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती. म्हणजे जिल्ह्याच्या दहापट माणसं. इथे त्यांच्यासाठी जवळचं स्टेशन वाढवताहेत, रस्ते रुंद होताहेत, लंडन रेल्वेने तासाभराच्या आत आहे. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011पासून चालू आहे. चिपी विमानतळ 2021मध्ये सुरू झाला, पण विमान आज आहे की नाही हे विचारूनच निघावं लागतं. मे महिन्यात काकीच्या विहिरीला पाणी तळाशी गेलेलं असतं. त्या विहिरीवर किती पाहुण्यांची आंघोळ होईल, हा मला खरा प्रश्न वाटतो. एवढ्या मोठ्या पार्काला त्या किनाऱ्यावर माझा विरोध आहे आणि तो मी लपवत नाही.

पण भावाच्या प्रश्नात याहून मोठं दुखणं आहे, आणि ते मला इथे राहिल्यामुळे दिसलं.

घोषणेच्या आदल्या वर्षी कंपनीने बेडफर्डमध्ये लोकांपुढे आराखडा मांडून मतं मागितली होती. सहा हजारांहून जास्त उत्तरं गेली. 2025च्या उन्हाळ्यात सगळी कागदपत्रं लोकांपुढे आली: हद्द कुठून कुठे, उंचात उंच बांधकाम किती, गाड्या कुठून वळणार, आतिषबाजीचा आवाज कुठवर जाणार. मी ती रात्री जागून वाचली. माझ्या रस्त्यावर गर्दी किती वाढेल हे मला एका तक्त्यात सापडलं आणि मी तक्रारही लिहून पाठवली. इथेही सगळं आलबेल नाही. अंतिम परवानगी स्थानिक नगरपालिकेने दिली नाही. सरकारने खास आदेश काढून ती 2025च्या अखेरीस वरूनच दिली. घरभाडी वाढतील म्हणून लोक धास्तावलेत. 28 हजार नोकऱ्या सांगतात, त्यांतल्या 20 हजार बांधकामापुरत्या आहेत. गावाकडे हा आकडा सांगताना लोक दुसरं वाक्य गाळतात. तरी माझं घर कुंपणाच्या कुठल्या बाजूला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून माझी मुलगी मातीचे ढीग मोजू शकते.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. सड्यावर आमची थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं, त्यांत वारलेले आजोबा अजून आहेत आणि बेडफर्डला बसलेली मीही आहे. ज्या वर्षी सी-वर्ल्डची बातमी आली, त्या वर्षी काकांनी तिथे हापूसची कलमं लावायची म्हणून जांभा फोडून चाळीस खड्डे खणले होते. सड्यावर एक खड्डा खणणं म्हणजे काय, हे ज्याने पहार धरली त्यालाच ठाऊक. पावसाआधी माती-शेण भरायचं, मिरगाला कलम लावायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, जमीन जाणार. काका कचेरीत गेले आणि आमचा गट, म्हणजे आमचा जमिनीचा तुकडा, पार्कच्या हद्दीत आत आहे की बाहेर एवढंच विचारलं. नकाशा अजून आलेला नाही, असं उत्तर मिळालं. पुढच्या खेपेला तेच. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत.

कलम धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. जाणाऱ्या जमिनीत कोण लावील? ती लावली असती तर आज भाऊ आंब्याच्या पेट्या भरत असता. काकांना वाटायचं, यंदा कळेल. घराला दोन खोल्या जोडून न्याहारी-निवासाला पाहुणे घ्यायचे होते, तेही त्याच वाटेवर अडकलं. घराची नळ्याची कौलं बदलायचीसुद्धा त्यांनी पुढे ढकलली. काका गेले तेव्हाही ते खड्डे तसेच होते. काकी एकदा फोनवर म्हणाली, "येतला तर येतला म्हणा, नाय तर नाय म्हणा. मधीच कित्याक टांगून ठेवल्यात?"

यावर कुणी मोर्चा काढत नाही. पार्कच्या बाजूने बोलणारे पुढारी आहेत, विरोधात बोलणारेही आहेत, पण मधली वर्षं वाया गेलेल्या माणसाची बाजू घेणारा मला दिसला नाही. सिंधुदुर्ग 1997मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर मालवण-तारकर्लीला जे पर्यटन खरोखर वाढलं, ते बहुतेक लोकांनी आपापल्या अंगणात वाढवलं: दोन खोल्या, एक होडी, सोलकढी-भाकरी, पुढे स्कूबाचं शिक्षण घेतलेली गावातलीच मुलं. आता निवृत्त युद्धनौका गुलदार निवतीजवळ समुद्रात बुडवून तिच्याभोवती पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. त्यासाठी कुणाचा सातबारा लागत नाही, म्हणून मला ती कल्पना पटते. मात्र मच्छीमारांची जाळी कुठून जातील, हे त्यांना आधी विचारलं पाहिजे.

आचऱ्याला गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. कधी निघायचं, परतीचा कौल कधी लावायचा, हे म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घरं उघडी टाकून जाणारी ही माणसं पार्कसाठी जमीन मोजायला आलेल्यांना मात्र अडवतात. ती विकासाच्या विरोधात आहेत, असं वर्तमानपत्रात वाचलं की मला राग येतो. इथे त्यांना परतायची तारीख कुणी सांगितलेली नसते.

पुढच्या वेळी, आणि ती येणारच, कुठलंही पार्क जाहीर करण्याआधी गट नंबरांची यादी मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही तर तो प्रस्ताव आपोआप रद्द व्हावा आणि तसा कागद प्रत्येक खातेदाराच्या हातात पडावा. आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्यासारख्यांना लागेल. ग्रामसभेत हात वर करायचा तो तिथे राहणाऱ्याने. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मुंबईहून, दुबईहून, बेडफर्डहून आम्ही हो किंवा नाही म्हणायचं आणि पाणी मात्र काकीने उपसायचं, हे बरोबर नाही. माझा विरोध मी वर लिहिला. माझं मत भावाच्या मताच्या खाली धरलं जावं, असंच मला वाटतं.

परवा त्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी म्हटलं, यंदा मिरगाला कलमं लाव, पैसे मी पाठवते, सह्या लागतील तिथे माझी धर. उद्या कुणी पार्क आणलंच तर झाडांसकट मोजायला लागेल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आणायची का, असं त्याने विचारलं. किती, म्हणाला. मी चाळीस म्हटलं. एवढ्या वर्षांत त्यांतले किती बुजले हे वर जाऊन बघायला हवं, उद्या सकाळी सड्यावर जातो आणि मोजून सांगतो, म्हणाला.