तिकिटातला वाटा आणि ठाण्यातला एक पडदा

2025 मध्ये पाहिलेल्या चित्रपटांत माझा सर्वांत आवडता ‘साबर बोंडं’ आणि सर्वांत नावडता ‘छावा’. दुसऱ्या नावावरून ठाण्यात मामाशी माझं चांगलंच वाजलं. “तिकडे फ्रान्समध्ये बसून तुला महाराजांवरचा सिनेमा खटकतो?” महाराज नाहीत खटकत, मामा. ते अपुरे दाखवले, हे खटकतं. संभाजी महाराजांनी ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ रचला. तो विद्वान राजा मला चित्रपटभर शोधावा लागला. सापडला तो अगदी शेवटी, साखळदंडात अडकलेले महाराज आणि कवी कलश एकमेकांशी काव्यात बोलतात तिथे. विकी कौशलच्या मेहनतीबद्दल दुमत नाही, पण गर्जना आणि छळ यांतच बहुतेक वेळ गेला. आणि आपल्याकडे वाद कशावर झाला? लेझीमवर. महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून प्रदर्शनाआधीच गदारोळ झाला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. राज्याचा कारभार पाहणाऱ्या येसूबाईंच्या वाट्याला चित्रपटात काय आलं, यावर मात्र कुणी आवाज चढवल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

‘साबर बोंडं’ मी सप्टेंबरात ठाण्यातच पाहिला. गणपतीला आले होते, तो लागेपर्यंत मुद्दाम थांबले. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर गावी येतो. सुतकाचे दहा दिवस, हे कर ते करू नको सांगणारे नातेवाईक, लग्नाचा लकडा, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. या दोघांत जे हळूहळू जुळत जातं, त्यावर दिग्दर्शक पार्श्वसंगीताचा एक सूरही चढवत नाही. जयश्री जगताप यांनी केलेली आई फारसं बोलत नाही, पण मुलाच्या बाजूने ती कशी उभी आहे हे तिच्या वावरण्यातून कळतं. इतकी मायेने घडवलेली मराठी व्यक्तिरेखा मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. दोन पुरुषांचं प्रेम बघताना ठाण्याच्या त्या प्रेक्षागृहात कुणी खिदळलं नाही. माझ्या शेजारच्या आजी डोळे पुसत होत्या.

त्याआधीच्या शुक्रवारी, 12 तारखेला, ‘दशावतार’ पाहिला. उत्तरार्ध घाईघाईने सूडाकडे वळतो, पण एक्क्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री पाहायला मी पुन्हा जाईन. ठाण्यात मालवणी माणूस भरपूर. मागच्या रांगेतून संवादांना मालवणीत दाद येत होती, आणि त्या दादेची सर फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या कुठल्याच चित्रपटगृहाला नाही.

त्याच दिवशी ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हेही लागले. एका भाषेचे तीन चित्रपट एकाच शुक्रवारी! ‘साबर बोंडं’च्या दुसऱ्या आठवड्यात मावशीसाठी तिकीट शोधलं, तर खेळ उरला होता कामावर जाणाऱ्या माणसाला जमणारच नाही अशा वेळेचा.

‘स्क्रीन मिळत नाहीत’ ही ओरड खरी आहे. जुलैत ‘येरे येरे पैसा 3’ आणि हिंदी ‘सैयारा’ एकाच दिवशी आले, मराठीचे खेळ कमी झाले आणि राजकीय पक्षांचे इशारे सुरू झाले. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावण्याची सक्ती जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत त्या प्राइम टाइमची व्याख्या दुपारी 12 ते रात्री 9 अशी ताणली. इशाऱ्यांनी फार तर एखादा आठवडा निभावतो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

फ्रान्समध्ये मी राहते तिथली व्यवस्था म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. तिथे चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटातून 10.72 टक्के रक्कम सीएनसी या 1946 साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेकडे जाते, मग तिकीट हॉलिवूडच्या चित्रपटाचं का असेना. तो पैसा नव्या चित्रपटांना मिळतो, तसाच छोट्या चित्रपटगृहांनाही. वेगळ्या वाटेचे चित्रपट लावणाऱ्यांना खास अनुदान असतं. याशिवाय तिकिटावर व्हॅट साडेपाच टक्के. आपल्याकडे शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे प्रेक्षकाच्या खिशावरचा भार जवळपास सारखाच, फक्त आपल्याकडून गेलेला पैसा सरकारी तिजोरीतून पडद्याकडे परत येत नाही. दर्जेदार मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देतं खरं, पण ते निर्मात्याच्या हाती जातं. चित्रपट टिकेल कुठे, हा प्रश्न तसाच राहतो. फ्रान्समध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. अनुदानावर बनलेले कितीतरी चित्रपट तिथेही आठवड्याभरात उतरतात. पण ‘छावा’ने कमावलेल्या प्रत्येक रुपयातला थोडा वाटा पुढच्या ‘साबर बोंडं’ला मिळाला असता, तर मी ‘छावा’वर इतकी रागावले नसते.

जीएसटीचं दिल्लीत ठरतं. ठाण्यात मात्र करता येण्याजोगं बरंच आहे. तलावपाळीचं गडकरी रंगायतन 1978 पासून उभं आहे, पुढे मानपाड्याकडे घाणेकर नाट्यगृह झालं. दोन्ही महापालिकेची, आणि ठाण्यातलं नाटक त्यांच्या जोरावर टिकलं. घाणेकरला मिनी थिएटरही आहे. तिथे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, परवडणाऱ्या तिकिटात, मल्टिप्लेक्समधून उतरलेला मराठी चित्रपट का लावू नये? फ्रान्समध्ये कितीतरी गावांत नगरपालिकेची चित्रपटगृहं आहेत.

मामेभाऊ म्हणतो, मंगळवारी संध्याकाळी कोण येणार? ज्या ठाण्यात नाटकाच्या तिकिटासाठी लोक सकाळपासून रांग लावत आले, तिथे हा प्रश्न मला पटत नाही. सुरुवात ‘स्थळ’पासून करा. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमांना वैतागलेल्या विदर्भातल्या मुलीची ती गोष्ट मार्चमध्ये लागली होती, आणि मावशीच्या सोसायटीतल्या अर्ध्या बायकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.