वाघिणींच्या मागावर

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. मूळच्या ‘वॅगन’ला आपल्याकडे येताच पंजे कोणी फोडले, हे ठाऊक नाही, मात्र फिल्मच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढू पाहणाऱ्या माणसाची शिकाऱ्यापेक्षा वेगळी गत होत नाही, हे मी पुणे-दौंड मार्गावरच्या लोणी स्टेशनच्या फलाटावर घालवलेल्या रविवारांच्या जोरावर सांगू शकतो. “वाघिणीसाठी एवढ्या लांब कशाला जाता?” असे पत्नी विचारते आणि उत्तराची वाट न पाहता डबा भरून देते.

प्रवासी गाडीला निदान वेळापत्रक असते, म्हणजे ती उशिरा आली असे तरी म्हणता येते. मालगाडीला उशीरही होत नाही, कारण तिची वेळच कुठे छापलेली नसते. रेल्वेच्या कंट्रोल रूमचा हुकूम होईल तेव्हा, मेल-एक्सप्रेसना वाट करून देत ती निघते. त्यातून सकाळच्या उन्हाचा पक्षपात असा की, पुण्याहून दौंडकडे निघालेल्या इंजिनाचे तोंड उजळून निघते आणि दौंडहून येणारे काळेठिक्कर दिसते. माझ्या नशिबी बहुधा दौंडहून येणारीच असते.

माझा पेंटॅक्स के1000 हा 1976 साली बाजारात आलेल्या मॉडेलपैकी आहे. त्यात 36 फोटोंचा रोल बसतो, आणि रोल, धुलाई, स्कॅनिंग असा हिशेब मांडला, तर शटरच्या प्रत्येक ‘खट्’मागे दोन कटिंग आणि वर एक क्रीमरोल जातो. त्यामुळे मोबाइलवाल्यांसारखा धडाधड गोळीबार न करता मी हात आवरून बसतो. पण दोन तासांनी मन कच्चे होते आणि सिग्नल, बाक, झोपलेले कुत्रे असे करत आकडा पस्तिसावर जातो.

गेल्या रविवारी आकडा पस्तिसावर असतानाच पुण्याच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. हिरवे-पांढरे डब्ल्यूएजी-9 इंजिन, तोंडावर झळाळते ऊन आणि मागे तब्बल 58 वाघिणींची, सहाशे मीटरहून लांब रांग! मी शटर 1/500 वर आणि ॲपर्चर 8 वर ठेवून श्वास रोखला. एवढ्यात बराच वेळ माझ्याकडे पाहत बसलेले पागोटेवाले आजोबा उठून थेट समोर आले.

“साहेब, मोजणी चाललीय का? तिसरी लाइन आमच्या उसातनं नेणार म्हणत्यात.”

“आजोबा, मी रेल्वेचा माणूस नाही. जरा बाजूला—”

“समदे साहेब आधी असंच म्हणत्यात.”

बोट दाबले गेले. उरलेल्या वाघिणी खडखडत माझ्यासमोरून पसार झाल्या. शेवटी ब्रेक व्हॅनमधून गार्डने हिरवा बावटा दाखवला, तो मला उद्देशून नसावा अशी मी समजूत करून घेतली.

रोल धुऊन आला. छत्तिसाव्या चौकटीत आजोबांच्या पागोट्याचा पीळन् पीळ सुस्पष्ट असून, त्यामागे हिरवट धूसर असे जे काही आहे, ते इंजिन असल्याचे मलाच सांगावे लागते. पुढच्या रविवारी मी त्यांना त्याची प्रत दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून निरखली आणि विचारले, “साहेब, ह्याच्यावर सही-शिक्का कुणाचा घ्यायचा?”