‘गुमान शिकावे’ असा सल्ला देणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांना उत्तर

आदरणीय डॉक्टर,

माझ्या मागच्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पुण्यातील वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या काही विद्यार्थ्यांनी रुग्णांचे हक्क आणि औषधांच्या किमती या विषयांवर फलक घेऊन उभे राहावे, याचे त्या लेखात मी समर्थन केले होते. त्यावर आपण लिहिता : ‘ज्यांना अजून धड सलाईन लावता येत नाही, त्या पोरांनी आफ्रिकेतल्या औषधांच्या किमतींचे फलक नाचवू नयेत. विद्यार्थ्याने गुमान शिकावे, हक्कांची भाषा पदवी हातात आल्यावर करावी.’ पुढे आपण या मुलांना संस्थांकडून पैसा मिळत असल्याची शंका घेतली आहे, हक्क हा वकिलांचा प्रांत असल्याचे बजावले आहे आणि छायाचित्रातील एका विद्यार्थिनीच्या पेहरावावर शेरा मारला आहे.

आपली एक तक्रार रास्त आहे. बहुतेक फलक इंग्रजीत होते आणि बाहेर ताटकळत बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ते वाचता येत नव्हते. ही सूचना मी त्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवली आहे. परंतु ‘पोरे’, ‘नाचवणे’, ‘गुमान’ हे शब्द मला खटकले, आणि ते केवळ उद्धट आहेत म्हणून खटकले असे नाही. हाच सूर मी विद्यार्थिदशेत ऐकलेला आहे. तो कोणत्या जागी लावला जातो आणि त्याची किंमत कोण मोजते, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून मला या एका वाक्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होते, तेव्हाची गोष्ट. लेबर रूममध्ये कळा सोसणारी एक बाई टेबलावर होती. पडद्याची सळई होती, पडदा नव्हता. आम्ही विद्यार्थी हातमोजे चढवून रांगेत उभे होतो आणि एकामागून एक पीव्ही, म्हणजे योनिमार्गातून बोटांनी तपासणी करून बोटांवरचा अंदाज सरांना सांगत होतो. प्रत्येक वेळी ती बाई टेबलाच्या फाटक्या रेक्झिनची कड मुठीत आवळत होती. तिच्याशी कोणी एक शब्द बोलले नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी केसपेपरवर तिचे नाव पाहिले, त्या नावाने तिला हाक मारली आणि ‘ताई, तपासू का?’ असे विचारले. तिने मानेने नकार दिला. मी हात मागे घेतला. त्यावर सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘इथे शिकायला आलात की भाषण द्यायला?’ आणि मला बाहेर उभे करण्यात आले. माझ्यामागचा विद्यार्थी पुढे सरकला.

आपण म्हणाल, हा एका माणसाच्या स्वभावाचा प्रश्न होता. मला ते मान्य नाही. त्या खोलीत आम्ही गर्भाशयाचे मुख किती उघडले आहे हे शिकलो, तसेच गरीब बाईला विचारावे लागत नाही हेही शिकलो. परीक्षा फक्त पहिल्याची झाली, दुसरे मात्र अनेकांच्या हातात जन्मभर राहिले. हडपसरला माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या बायकांपैकी काही जणी अंगावर पांढरे जाण्याची तक्रार महिनोन्‌महिने अंगावर काढून येतात आणि आत पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारतात, ‘मॅडम, किती जण तपासणार?’ हा प्रश्न त्यांना कोणी शिकवला? गुमान शिकलेल्या माणसांनीच ना?

आणि शिकायचे ते काय, हे तरी कायम निर्दोष असते का? बलात्कार पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटे घालून तिला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवू पाहणारी चाचणी, आपल्या पिढीने न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकातून पाठ केली आणि माझ्याही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली, २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी तिला मनाई केली, तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून ही चाचणी त्यातून दूर करण्याचे निर्देश द्यावे लागले. एवढे होऊनही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या सुधारित अभ्यासक्रमात कौमार्याविषयीचा भाग परतला आणि समलैंगिक संबंध अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत बसवले गेले. देशभरातून विरोध झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आयोगाला ते मागे घ्यावे लागले. अशी पाने ज्याला पाठ करायची आहेत, त्याने पदवीपर्यंत थांबायचे, म्हणजे नेमके काय करायचे? चुकीचे उत्तर लिहून गुण मिळवायचे आणि मग, गुण मिळाल्यावर, त्याविरुद्ध बोलायचे?

आता आफ्रिका. आपल्याला हा शब्द दूरचा वाटतो, म्हणून आपण तो थट्टेसाठी वापरला असावा. एड्सवरील स्टॅव्ह्युडीन या औषधाचे पेटंट अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे होते आणि ते विकण्याचा परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीकडे. दक्षिण आफ्रिकेत माणसे औषधावाचून मरत होती. २००१ मध्ये मेदसँ सां फ्रोंतिएर (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या डॉक्टरांच्या संघटनेने येलकडे पेटंटची आडकाठी दूर करण्याची मागणी केली, तेव्हा विद्यापीठाने कराराकडे बोट दाखवले. मागणी उचलून धरली ती त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, आणि त्या औषधाचा एड्सवरील उपयोग शोधणाऱ्या प्राध्यापक विल्यम प्रूसॉफ यांनी उघडपणे त्यांची बाजू घेतली. मार्च २००१ मध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा अडसर न ठेवण्याची आणि किंमत उतरवण्याची घोषणा केली. त्या विद्यार्थ्यांना सलाईन लावता येत होते की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. काही जण तर कायद्याचे विद्यार्थी होते. आणि प्रूसॉफ वयाने आपल्यापेक्षा लहान नव्हते, हेही नम्रपणे नोंदवते.

हे प्रकरण आपल्यापासून लांबचे नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा संच याच संघटनेला साडेतीनशे डॉलरला देऊ केला होता. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर त्या काळी दहा हजार डॉलरच्या वर होता. ते शक्य झाले, कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, केवळ बनवण्याच्या पद्धतीवर होते. २००५ मध्ये तो कायदा बदलला आणि औषधाच्या पदार्थावरही पेटंट मिळू लागले. म्हणून बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाचे पेटंट लांबवण्याच्या अर्जाला मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांना आक्षेप घ्यावा लागला. दोघींची श्रवणशक्ती क्षयरोगाच्या जुन्या औषधांनी हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. आपल्या शहरात औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको. ‘आफ्रिकेतल्या किमती’ त्यांच्याच गोळ्यांच्या किमती आहेत.

पुण्यात राहून हक्क आणि आरोग्य यांची फारकत करणे मला विशेष अवघड वाटते. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, माणसांना बळजबरीने छावणीत आणि रुग्णालयात नेले; परिणामी लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतेसुद्धा लपवू लागले. त्या यंत्रणेत शिकलेले डॉक्टर होते, औषधे होती आणि हेतूही साथ रोखण्याचाच होता. त्याच साथीत सावित्रीबाईंनी मुंढव्याचा आजारी मुलगा पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात आणला आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. लोक कोणत्या दारात रुग्ण घेऊन जातील आणि कोणत्या दारापासून लपवतील, हा निव्वळ वैद्यकीय कौशल्याचा प्रश्न असता, तर रँडला ती सक्ती करावी लागली नसती.

आपले बाकीचे मुद्दे थोडक्यात. पैशाच्या शंकेला पुरावा असेल तर द्यावा. नसेल तर ती मागे घ्यावी. हक्क वकिलांवर सोडण्याबाबत एवढेच सांगते की, रुग्णाची संमती मागायची वेळ येते तेव्हा खोलीत वकील नसतो. ‘आम्ही गुमान शिकलो आणि उत्तम डॉक्टर झालो’ या आपल्या वाक्यावर मी काही बोलणार नाही. त्याचे उत्तर आपल्या रुग्णांनी द्यायचे आहे. सलाईन नीट लावता आले पाहिजे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही, आणि त्या मुलांपैकी कोणाचाही नसेल.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. त्या विद्यार्थिनीच्या कपड्यांबद्दलचे वाक्य तेवढे गाळले आहे आणि तिथे गाळल्याची खूण ठेवली आहे. आपल्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखूनही ते वाक्य इथे राहू देणे मला शक्य नाही. पुन्हा लिहिणार असाल, तर कृपया लेबर रूममधल्या त्या बाईबद्दल लिहा : तिने नकार दिल्यावर मी काय करायला हवे होते, असे आपले मत आहे?