पाच मिलिमीटरची चार फुटी टाकी? त्या मेसेजला उत्तर

"काचेची टाकी विसरा! अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा 17 पट मजबूत. बोर्डवाल्याकडून 5 मिमीची शीट कापून आणा, सिलिकॉनने चिकटवा. वजन निम्मं, पिवळी पडत नाही, जगातली मोठी मत्स्यालयं अ‍ॅक्रिलिकचीच आहेत."

हा मेसेज दोन महिने ग्रुपवर फिरतोय. मी वाचून सोडून देत होतो. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, शीट आणली!" चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच माशांची टाकी, तीही हॉलमध्ये, माझ्या आईच्या खाटेला लागून. आता गप्प बसणं जमणार नाही.

सगळ्यात घातक ते 17 पट. हा आकडा आघाताचा आहे. शीटवर काही आदळलं, तर काच फुटेल तिथे अ‍ॅक्रिलिक, म्हणजे हे पारदर्शक प्लास्टिक, टिकतं, हे खरं. पण पाणी आदळत नाही, ते रात्रंदिवस दाबत राहतं. तिथे लागतो ताठपणा. प्लेक्सिग्लास या अ‍ॅक्रिलिक ब्रँडच्या उत्पादकाच्या तक्त्यात अ‍ॅक्रिलिकचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, साधारण 3,300 मेगापास्कल दिलाय. काचेचा असतो 70,000 च्या आसपास. म्हणजे सारख्या जाडीची अ‍ॅक्रिलिक शीट काचेच्या वीसपटीहून जास्त वाकते.

भाच्याच्या टाकीत साडेचारशे लिटर पाणी मावेल. पुढच्या एका बाजूवर त्याचा एकूण रेटा सव्वादोनशे किलोंचा. या मापाला अ‍ॅक्रिलिक निदान 12 मिमी घेतात, आणि वरच्या कडेला चारही बाजूंनी रुंद पट्टीची चौकट लावतात. वाकणं जाडीच्या घनावर अवलंबून असतं, त्यामुळे 12 ऐवजी 5 मिमी घेतली की साध्या हिशेबाने बाक जवळजवळ चौदापट. त्यात हे प्लास्टिक सततच्या ताणाखाली हळूहळू ताणलं जातं. पहिल्या दिवशी ठीक दिसलेली टाकी महिन्याभरात पोट काढते, आणि तो सगळा ओढा सांध्यांवर येतो.

ते सांधे हा मेसेज सिलिकॉनने करायला सांगतो! सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, अ‍ॅक्रिलिकला नाही. नखाने सोलून निघतं. अ‍ॅक्रिलिक जोडायचं ते द्रावकाने. सुईने फटीत सोडलं की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. आपल्याकडे दुकानात त्यासाठी सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. त्याची वाफ विषारी, खिडक्या बंद करून हे काम करायचं नाही.

बोर्डवाल्याच्या, म्हणजे दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याच्या, शीटमध्येही मेख आहे. शीट दोन प्रकारची, कास्ट (साच्यात ओतून केलेली) आणि एक्सट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली). टाकीला कास्टच हवी. एक्सट्रुडेडमध्ये आतला ताण जास्त, द्रावक लागलं की बारीक केसासारख्या चिरा उमटतात. आणि बोर्डवाला कापून देतो लेझरवर. ती चकचकीत कड बघून माणूस भुलतो, पण लेझरच्या उष्णतेने तिथे ताण साठलेला असतो. द्रावक लावलं की कास्ट शीटच्या कडेलाही चिरा पडू शकतात. कड राउटरने, म्हणजे कडा तासायच्या यंत्राने, साफ करून घ्यायची. स्पिरिटने पुसायची नाही, त्यानेही तेच होतं.

वजन निम्मं हे शीटपुरतं बरोबर आहे. पाण्याचे साडेचारशे किलो कुठे जातात? पिवळी लवकर पडत नाही, हेही कबूल. पण शेवाळ घासताना वाळूचा एक कण सापडला की ओरखडा कायमचा.

मोठी मत्स्यालयं? जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातला अ‍ॅक्रिलिकचा पडदा 8.2 मीटर उंच, 22.5 मीटर रुंद आहे. आणि जाडी 60 सेंटिमीटर! मेसेज लिहिणाऱ्याने जाडी तेवढी गाळली.

सम्पसाठी, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या छोट्या टाकीसाठी, मात्र अ‍ॅक्रिलिक चांगलं, हे मान्य करतो. पाण्याची उंची फूटभर, पाइपाची भोकं पाडायला सोपं. पण तिथेही कास्ट शीट, नीट जाडी आणि द्रावकाचाच सांधा.

भाच्याला सांगितलंय, आणलेली शीट फेकू नकोस. तिचे वीतभर उंचीचे दोन डबे कर, सांधा घालायला शीक, काठोकाठ भर आणि आठवडाभर बाल्कनीत ठेव. आजीच्या खाटेजवळ नाही.