मोवाड म्हणे ‘अतिक्रमण’ होतं!

‘काटोल-नरखेडचा लपवलेला इतिहास’ नावाचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. असले मेसेज मी उघडतही नाही. पण आमच्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवून काढला, आणि तिच्या आजीचं माहेर मोवाडचं, म्हणजे नागपूर जिल्ह्यात नरखेडकडे वर्धा नदीकाठी असलेल्या गावचं आहे. मग बोलणं भाग पडलं.

मेसेज म्हणतो: इंग्रज येईस्तोवर तिकडे नुसतं जंगल होतं. संत्रा त्यांनीच आणला. 1867 साली संत्रा न्यायला काटोलला रेल्वे आणली. आणि मोवाड हे हावरट लोकांनी अलीकडे नदीच्या पात्रात घुसून वसवलेलं गाव, 1991 मध्ये बुडालं तर ‘त्यात रडायचं काय?’

शेवटचं आधी घेतो. बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हा निर्लज्जपणा आहे.

30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात मोवाडची 204 माणसं गेली. दरवर्षी त्या तारखेला गाव त्यांना श्रद्धांजली वाहतं. आता ‘अलीकडे’ म्हणजे कधी ते बघू. मोवाडला नगरपालिका मिळाली 1867 साली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इम्पिरियल गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्याच माहितीग्रंथात, तशी नोंद आहे, कोणीही काढून वाचावी. पुराच्या 124 वर्षं आधीची नगरपालिका! अतिक्रमणाला इंग्रज सरकार नगरपालिका देत होतं काय बाप्पा? आणि नगरपालिका काही रिकाम्या रानाला मिळत नाही. वस्ती, बाजार, घरपट्टी भरणारी माणसं आधीपासून असावी लागतात. म्हणजे मेसेजवाल्याचं ‘जंगल’ही इथेच संपलं.

गाव नदीला फार लागून होतं, हे मान्य. पुरानंतर दुसऱ्या जागी पुनर्वसन करावं लागलं ते त्याचमुळे. पण माणसांना आणि गुरांना पाणी लागतं म्हणून आपली जुनी गावं नदीकाठीच वसली. त्याला हाव म्हणायचं असेल तर निम्मा विदर्भ हावरट ठरतो. वर्धा उगम पावते तिकडे मुलताईजवळ, सातपुड्यात. वर किती कोसळला, हे 1991 साली मोवाडात घरी बसलेल्या बाईला कोण सांगणार होतं? तिच्या मरणाचा दोष तिच्यावरच टाकणारं वाक्य लिहायला हात कसा धजला, हेच मला कळत नाही.

संत्र्याचं थोडक्यात. तो अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादकडून आणून आपल्या बागेत लावला, असंच नागपुरात सांगत आले आहेत. त्याचा व्यापार फार पुढे वाढला. काटोलचा बाजार त्याआधी कापसाचा होता. त्या काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी पिकत होती, ती काय जंगलात?

रेल्वे 1867 मध्ये नागपूरला आली, एवढं अर्धं खरं आहे. पण ती मुंबईकडून बडनेरा-वर्धा मार्गे आली, आणि इंग्रजांची नजर होती कापसावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढलेले त्यांनी नुकतेच पाहिले होते. काटोल-नरखेडवरून जाणारी इटारसीची लाइन 1920 च्या दशकातली. तिने संत्र्याला लांबचा बाजार दिला, ते श्रेय खुशाल घ्या. पण 1867 साली काटोलला स्टेशनच नव्हतं.