खापर पुण्यावर फोडू नका

२१ जानेवारी २०२६ ला दुपारी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात भाच्याचे मेसेज यायला लागले. पिंपरी-चिंचवडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. "मावशी, बघितलंस का? प्रिन्स गेला." मग दोन मिनिटांनी, "पाच वर्षं वाट बघत होतो गं."

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने त्या दिवशी सहा व्हिडिओ गेम एकदम रद्द केले आणि सात पुढे ढकलले. रद्द झालेल्यांत 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नव्याने घडवलेली आवृत्ती होती. माझा भाचा गेम डिझाइन शिकतो. त्याच्या वर्गातल्या मुलांसाठी हा गेम म्हणजे घरचं कार्य होतं, कारण २०२० साली त्याची घोषणा झाली तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत बनत होता. इतकं मोठं नाव आणि काम पुण्यात.

नंतरच्या आठ-दहा दिवसांत भारतातल्या ज्यांच्याशी बोलले, त्यांतले निम्मे म्हणाले, सुरुवातीला आपल्याकडे दिलं ना, तिथेच बिघडलं. उरलेले म्हणाले, आपल्या लोकांना पुरेसा वेळ दिला नाही, बळीचा बकरा केलं. मी बारा वर्षं मॉन्ट्रियलमध्ये याच धंद्यात आहे. माझं काम प्रॉडक्शनचं, म्हणजे कोणी काय, किती दिवसांत आणि किती पैशांत करायचं याचा हिशेब ठेवायचा. मला दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकून वाईट वाटलं, कारण दोघंही पुण्यातल्या माणसांच्या हातांकडे बघत होते आणि बिघाड तिथे नव्हता.

तारखाच बघा. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये गेम बाजारात येणार असं सांगितलं गेलं. ट्रेलरमधल्या चित्रांवर जगभरातून टीका झाली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे आलं. हाच तो स्टुडिओ, ज्याने २००३ साली मूळ 'सँड्स ऑफ टाइम' बनवला होता. त्यालाही साडेतीन वर्षांहून जास्त मिळाली. शेवटी कंपनीने जे सांगितलं त्याचा आशय असा की हवा तो दर्जा गाठता आला नाही आणि आणखी लागणारा वेळ-पैसा घालणं योग्य ठरलं नसतं. ज्यांच्या घरचा हा गेम, त्यांनाही तो तडीस नेता आला नाही. मग पुण्याला जमलं नाही हे वाक्य कशाच्या आधारावर उभं राहतं?

मला स्वतःला जे माहीत आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या प्रोजेक्टवर होते. कंपनीचं आणि गेमचं नाव इथे देत नाही. सुरुवातीला आम्ही पंचवीस जण होतो आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो: खेळणाऱ्याने नेमकं काय करायचं, आणि ते पुन्हा करावंसं त्याला का वाटावं? उत्तर सापडलं नव्हतं. सापडायला अजून वर्ष लागलं असतं, कदाचित सापडलंही नसतं. तेवढ्यात त्याच कंपनीचा दुसरा गेम संपला आणि शंभरावर माणसं मोकळी झाली. त्यांना बसवून पगार देता येत नाही आणि काढलं तर पुन्हा मिळत नाहीत. मग ती आमच्याकडे पाठवली.

गाडं बिघडलं ते इथे. आर्टिस्ट आले, त्यांना काम हवं. त्यांनी गेममधल्या वस्त्या बांधायला घेतल्या. गल्ल्या, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, खिडकीतल्या कुंड्या, बघत राहावं असं सगळं. सहा महिन्यांनी आमच्या डिझायनरला कळलं की नायिकेची उडी अर्धा मीटर जास्त असेल तर खेळायला खरी मजा येते. कागदावर हा एक आकडा बदलायचा. पण तोवर सात वस्त्या उभ्या होत्या आणि प्रत्येक भिंत, प्रत्येक कठडा जुन्या उडीच्या मापाने बांधलेला होता. ती उडी आम्हाला अकरा आठवड्यांना पडली. त्यानंतर मजा कशात आहे हे शोधायला कोणी धजेना. पाया भरायच्या आधी कळस चढला की पायाला हात कोण लावणार?

मग आमच्या धंद्यात ज्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात ती आली. पूर्ण गेममधला वीस मिनिटांचा एक तुकडा विकायला ठेवल्यासारखा चकचकीत करायचा आणि वरच्यांना दाखवायचा. तो आवडला तर पुढच्या वर्षाचे पैसे सुटतात. आम्ही चार महिने त्या वीस मिनिटांना दिले. त्यातला बराच भाग जागच्या जागी ठाकूनठोकून बसवलेला होता, दुसऱ्या वस्तीत तो चाललाच नसता. दाखवणाऱ्यांना हे माहीत होतं. बघणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत असावं, कारण तेही कधीतरी दाखवणारे होते.

साडेतीन वर्षांनी एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि प्रोजेक्ट संपला. त्या दुपारी वस्त्या बांधणारा एक तरुण मुलगा एकटाच बसून आपल्या गल्ल्यांतून फिरत होता. संध्याकाळी सर्व्हर बंद होणार होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रोजेक्ट बंद झाला याचं दुःख मी कधीच मागे टाकलं. पण आम्हा आठ-दहा जणांना दीड वर्ष आधी कळलं होतं की हे चालणार नाही, आणि आम्ही ते मोठ्याने बोललो नाही, हे अजून मागे टाकता आलेलं नाही. बोललो असतो तर दीडशे लोकांच्या पगाराचा प्रश्न होता. त्यात माझा एक मराठी सहकारीही होता. त्याचा वर्क परमिट त्याच कंपनीला बांधलेला, मुलगी नुकतीच इथल्या फ्रेंच शाळेत रुळलेली. अशा वेळी खरं बोलणं किती जड असतं हे बाहेरून दिसत नाही.

आकडे पाहिले की हा दबाव समजतो. ढोबळ हिशेब दर माणशी महिन्याला दहा हजार डॉलरचा धरतात, आता त्याहून जास्तच. दोनशे माणसं म्हणजे वर्षाला दोन कोटी चाळीस लाख डॉलर, साधारण दोनशे कोटी रुपये. गेम आला नाही तरी ते जातात. २०२३ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीने काळ्या पेनने आकडे खोडून कागद दिले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता आले: 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१.२ कोटी डॉलर आणि पाच वर्षं. जे गाजले, त्यांचा हा खर्च. पाच वर्षांत लोकांची आवड बदलते, व्याजदर बदलतात, ज्या साहेबाने होकार दिला तो नोकरी सोडून गेलेला असतो.

कधी तर गेमचा काही दोषच नसतो. स्वीडनच्या एम्ब्रेसर कंपनीने कर्ज काढून स्टुडिओमागून स्टुडिओ विकत घेतले, त्यांत इथला आयडॉस-मॉन्ट्रियलही होता. २०२३ च्या मे महिन्यात त्यांचा दोन अब्ज डॉलरचा एक करार फिसकटला. जानेवारी २०२४ मध्ये आयडॉस-मॉन्ट्रियलमधल्या ९७ जणांची नोकरी गेली आणि 'ड्यूस एक्स'चा नवा भाग बंद झाल्याची बातमी आली. त्या ९७ जणांनी काय चूक केली होती?

उलट बाजूही आहे. ब्लिझर्ड कंपनीने 'टायटन' नावाचा प्रचंड गेम सात वर्षं बनवून रद्द केल्याचं २०१४ साली जाहीर केलं. त्याच्या अवशेषांतून 'ओव्हरवॉच' निघाला, २०१६ साली आला आणि जगभर खेळला गेला. हेलसिंकीची सुपरसेल कंपनी लहान गट करते आणि बरेचसे गेम जगासमोर यायच्या आत स्वतःच मारते. उलट 'कॉनकॉर्ड' हा गेम कोणी थांबवला नाही. तो २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला, लोकांचे पैसे परत करावे लागले, पुढे स्टुडिओही गेला. माझं मत सरळ आहे: गेम रद्द होणं ही या धंद्याची नेहमीची, गरजेची गोष्ट आहे. तो पंचवीस माणसं असताना रद्द व्हावा, दोनशे असताना नाही. आणि प्रश्नाचं उत्तर सापडायच्या आत जगाला तारीख सांगू नये.

हे सगळं महाराष्ट्राला सांगायचं कारण, तिकडे आत्ता पैसा येऊ घातला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्सचं ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. मला मनापासून आनंद झाला. पण पाठोपाठ भारताचा पहिला ट्रिपल-ए, म्हणजे सगळ्यांत मोठ्या बजेटचा, गेम कधी येणार हे सुरू झालं की धास्ती वाटते. मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या क्वेबेक प्रांताने १९९६-९७ पासून या धंद्याला पगारावर करसवलत दिली, ३७.५ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे युबिसॉफ्ट इथे आली, हजारो घरं उभी राहिली, माझंही त्यांतलंच. पण ती सवलत माणसांच्या पगारावर मिळते, गेम तयार झाला की नाही यावर नाही. त्यामुळे माणसं वाढवायला बळ मिळतं, थांबायला मिळत नाही. आपल्या धोरणाने तरी काही रक्कम सहा-आठ माणसांच्या वर्षभराच्या प्रयोगांसाठी बाजूला ठेवावी. त्यांतले बहुतेक फसतील हे आधीच मान्य करावं, आणि फसलेल्यांना पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू द्यावा.

पुण्यातच याचं उदाहरण आहे. नोडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० साली आला, प्रिन्सची घोषणा झाली त्याच सुमारास. मूठभर माणसांनी केला, त्याआधी त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती. त्यात उणिवा आहेत, मी शेवटपर्यंत खेळले आहे. पण तो आला, आणि त्याच्या शेवटी त्या माणसांची नावं झळकतात.

नावांचं मला फार लागतं. गेम रद्द झाला की श्रेयनामावलीही जाते. करारांमुळे केलेलं काम कोणाला दाखवताही येत नाही. पुण्या-मुंबईत ज्यांनी प्रिन्सवर रात्री जागवल्या, त्यांच्यापाशी मुलाखतीत दाखवायला काय आहे? एक ट्रेलर, ज्याला जग हसलं. त्यांनी केलेलं, पण लोकांना बघता न आलेलं बरंच काही असेल, आणि आपण निदान ते गृहीत धरावं.

भाच्याच्या कोर्सचा शेवटचा प्रोजेक्ट मार्चमध्ये आहे. त्याने पाठवलेल्या आराखड्यात बारा लेव्हल, तीन शेवट आणि चढून जाता येईल असा अख्खा गड होता. आम्ही रविवारी दोन तास फोनवर बोललो. "मावशी, एवढंसं केलं तर सर काय म्हणतील?" तो विचारत होता. परवा त्याने नवीन बिल्ड, म्हणजे खेळून बघता येईल अशी प्रत, पाठवली. गडाचा एकच दरवाजा, एक पायरी आणि एक मशाल, जी वाऱ्यात विझू न देता वर न्यायची. मी ती अकरा वेळा विझवली, मग बाराव्यांदा खेळायला बसले.