सार्डिनिया सहलीच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या मुख्य तक्रारी चार आहेत. गोलोरित्झेला बोट किनाऱ्याला लावली नाही, बुए मारिनो गुहा बाहेरूनच दाखवली, किनारा शेवाळाने घाण होता आणि मुलाच्या खिशातले खडे सगळ्यांदेखत काढायला लावले. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या ओरोसेईच्या आखाताची सहल ठरवणारे आणखी लोक हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काला गोलोरित्झेला (‘काला’ म्हणजे छोटी खाडी) प्रवासी उतरवायची परवानगी कुठल्याच बोटीला नाही. किनाऱ्याजवळचा पट्टा इंजिनाच्या बोटींना बंद आहे. 1995 पासून ती जागा संरक्षित नैसर्गिक स्मारक आहे. तिथे जायचं तर गोल्गोच्या पठारावरून डोंगर उतरून, तेही आधी बुकिंग करून. दिवसाला 250 माणसांनाच सोडतात. आमच्या माहितीपत्रकात ‘गोलोरित्झे : बोटीतून दर्शन’ असंच छापलंय. ‘पैसे दिल्यावर सगळं मॅनेज होतं’ असं तुम्ही लिहिलंय. होत नाही, आणि होत असतं तरी आम्ही केलं नसतं.

गुहेचं म्हणाल तर त्या दिवशी आकाश निरभ्र होतं, हे खरं. पण हा किनारा बेटाच्या पूर्वेला आहे. वायव्येचा मिस्त्राल वारा सुटला तर बेटाचा आडोसा मिळतो, पूर्वेकडून लाट आली की मात्र थेट गुहेच्या तोंडावर आदळते. धक्क्याला लागलेली बोट वर-खाली होत असताना आजी-आजोबांना उतरवणं शक्य नव्हतं. त्या दिवशी गुहाच बंद होती. आत गाइडशिवाय कोणालाही जाता येत नाही. गुहेच्या तिकिटाचे पैसे आम्ही परत केले आहेत, रिव्ह्यूत ते राहून गेलं असावं.

आता ‘शेवाळ’. ते शेवाळ नाही, पोसिडोनिया ओशियानिका हे समुद्री गवत आहे. फुलं-फळं येणारी समुद्रातली वनस्पती, फक्त भूमध्य समुद्रात सापडणारी. तिची वाळलेली पानं किनाऱ्यावर थर धरून बसतात आणि हिवाळ्यातल्या लाटांपासून वाळू राखतात. ती उचलून नेली की वाळूही जाते. तुमच्या मुलाने काथ्याचा म्हणून जो तपकिरी चेंडू खेळायला घेतला होता, तोही याच गवताच्या तंतूंचा, लाटांनी वळलेला! ‘नांगर टाकायला बोटवाला उगाच घिरट्या घालत होता’ या वाक्याचं उत्तरही यातच आहे. पाण्यात काळपट निळे डाग दिसतात ते हे गवत आणि फिकट पट्टा म्हणजे वाळू. तो वाळू शोधत होता. साखळीने गवत उपटलं गेलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, कारण ते वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पसरतं. घाईने कुठेही नांगर सोडणाऱ्या बोटी भाड्याला मिळतात, स्वस्तही पडतात. आम्ही त्या घेत नाही.

खड्यांबद्दल. काला मारिओलूचे ते पांढरे-गुलाबी गुळगुळीत गोटे खिशात घालावेसे वाटतात, मुलांना तर वाटणारच. पण सार्डिनियात 2017 च्या प्रादेशिक कायद्याने वाळू, खडे, शिंपले नेण्यावर 500 ते 3000 युरो दंड आहे. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत किया किनाऱ्याची सुमारे 40 किलो वाळू सापडली आणि प्रकरण थेट फौजदारी कारवाईपर्यंत गेलं. विमानतळावर बॅगा स्कॅन होतात. तिथे सापडलं असतं तर दंडाची पावती तुमच्या नावाने फाटली असती. आणि फक्त तुमच्याच मुलाला सांगितलं असं नाही. बोटीत चढण्याआधी आम्ही सगळ्यांनाच खिसे, पिशव्या, चपला झटकायला लावतो. मीही झटकतो.

काला लुनाला मिळालेला वेळ कमी पडला, हे तुमचं म्हणणं मात्र पटण्यासारखं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे फार गर्दी असते, म्हणून पुढच्या वर्षीपासून ही सहल जून आणि सप्टेंबरमध्येच काढतो आहोत.

गोलोरित्झेला पाय लावायचाच असेल, तर पायी जाणारी वेगळी तुकडी आहे. उतार तासाभराचा, पण परत चढताना उन्हात दम निघतो आणि वाटेत पाणी मिळत नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. परवाने लवकर संपतात, तेव्हा विचार असेल तर ऑफिसला आधीच फोन करा.